खाडीत परका शिंपला आलाय का? पाळत ठेवायला कशी सुरुवात करावी

मुंबई बंदरातल्या गोद्यांच्या भिंतींवर बोटाच्या पेराएवढा, मळकट तपकिरी रंगाचा एक शिंपला घट्ट चिकटून वाढतो. शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅली. मूळचा तो मेक्सिकोच्या आखातातला आणि कॅरिबियन समुद्रातला. भारतात तो आधी विशाखापट्टणमच्या बंदरात, १९६७ साली लक्षात आला. सत्तरच्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीतही सापडला. तेव्हापासून दोन्हीकडे त्याने ठाण मांडलं आहे.

हाच शिंपला मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनमध्ये सापडला. एप्रिल संपेपर्यंत तिथल्या लोकांनी तो पुरता नाहीसा केला होता. समुद्रात शिरलेला परका जीव समूळ उखडल्याची उदाहरणं जगभरात मोजकीच आहेत, त्यातलं हे एक. ते कसं जमलं हे आधी समजून घेऊ, कारण आपल्या खाडीत काय शक्य आहे आणि काय नाही, ते त्यातूनच कळतं.

डार्विनला भरती-ओहोटीच्या पातळीत आठ मीटरपर्यंत फरक पडतो. त्यामुळे तिथल्या नौका ठेवायच्या जागा, म्हणजे मरीना, दरवाजे लावून समुद्रापासून तोडलेल्या असतात. शिंपला अशाच तीन मरीनांमध्ये होता. दुसरी गोष्ट, साधारण सहा महिने आधी तिथे पाहणी झाली होती आणि तेव्हा हा शिंपला नव्हता. म्हणजे तो नुकताच आलेला आहे, बाहेर फार गेलेला नसणार, हे अंदाजाने नाही तर नोंदीवरून सांगता आलं. लगेच दरवाजे बंद झाले, नौका अडवल्या गेल्या, आणि त्या मरीनांमधून आधीच निघून गेलेल्या नौकांचा किनाऱ्याकिनाऱ्याने माग काढून त्यांचे तळ तपासले गेले. मग बंद पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद टाकलं. शिंपला मेला, आणि त्याबरोबर त्या पाण्यातलं बाकीचं जवळजवळ सगळंच मेलं. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला.

आता आपल्याकडे बघा. वसईची खाडी, धरमतर, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल, मांडवी, झुआरी. एकालाही दरवाजा नाही. दिवसातून दोनदा भरती आत येते आणि दोनदा बाहेर जाते. पाण्यात औषध टाकून काही मारायचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि कोणी तसं सुचवलं तर ठाम नकार द्यावा. आपल्या हातात आहे ती डार्विनमधली दुसरी गोष्ट: आधीची नोंद असणं आणि नवं काही आलं की लगेच नजरेत येणं. हा लेख त्याच कामासाठी आहे. महाविद्यालयातले विद्यार्थी, मच्छीमार सोसायटीतली तरुण मंडळी, कालवं किंवा शिनाण्यांची (हिरव्या काठाच्या खाण्याच्या शिंपल्यांची) शेती करणारे बचत गट, किनाऱ्यावरच्या शाळांमधले शिक्षक, यांपैकी कोणालाही हे काम सुरू करता येईल.

आधी आपलं ते ओळखा

नवीन माणूस पहिल्या दिवशी परक्या जीवांचे फोटो घेऊन किनाऱ्यावर जातो आणि दर दगडाखाली त्याला परकं काहीतरी दिसायला लागतं. त्यापेक्षा पहिले दोन-तीन महिने फक्त नेहमीचे रहिवासी ओळखण्यात घालवा. खडकाला चिकटलेली कालवं, हिरव्या काठाचे शिनाणे, पांढरे शंकूसारखे बार्नेकल, नळ्या करून राहणारे किडे, स्पंजाचे थर, समुद्री शेवाळ. गावातल्या कालवं काढणाऱ्या बायकांबरोबर एक ओहोटी घालवलीत तर पुस्तकाच्या पन्नास पानांइतकं शिकाल. कुठल्या खडकावर काय येतं, पावसानंतर काय मरतं, गणपतीनंतर काय परत येतं, हे त्यांना पाठ असतं. "अलीकडे नवीन काय दिसतंय?" हा प्रश्न त्यांना पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर तारखेसकट लिहून ठेवा.

कोणताही जीव मुळात परका किंवा उपद्रवी नसतो, तो कुठे आहे यावर ते ठरतं. आपल्याकडे चवीने खाल्ला जाणारा शिनाणा, पर्ना विरिडिस, अमेरिकेत फ्लोरिडाच्या टॅम्पा उपसागरात १९९९ साली सापडला तो वीज केंद्राच्या पाण्याच्या नळांत, तिथे तो डोकेदुखी ठरला. आपल्या समुद्रातला पंखांचा लायनफिश अटलांटिकमध्ये जाऊन तिथले मासे फस्त करतो आहे. त्यामुळे गावात "विषारी परदेशी शिंपला आला" अशी हाकाटी पिटू नका. कोकणच्या बंदरांत दोन हजार वर्षं दूरदेशीची गलबतं येत आली आहेत. त्यांच्या लाकडी तळांना चिकटून काय काय आलं आणि इथलंच होऊन गेलं, याचा हिशेब कोणाकडे नाही. कितीतरी जातींचं मूळ गाव आज शास्त्रज्ञांनाही ठरवता येत नाही. आपल्याला पाहायचं आहे ते एवढंच: गेल्या वेळी जे नव्हतं ते या वेळी आहे का, आणि ते झपाट्याने वाढतंय का.

जागा निवडताना

परका जीव साधारणपणे जहाजाच्या तळाला चिकटून येतो, जहाजाचा तोल राहावा म्हणून पोटात भरलेल्या समतोल-पाण्यातून येतो, मत्स्यशेतीच्या बीजाबरोबर येतो, किंवा कोणी मत्स्यालयातला माल पाण्यात सोडला म्हणून येतो. त्यामुळे सुंदर, निर्जन खडकाळ किनारा या कामाला फारसा उपयोगी नाही. जिथे बाहेरच्या बोटी लागतात ती जेट्टी, बर्फ आणि डिझेल भरायचा धक्का, बार्ज थांबतात ती जागा, खाडीतले तरंगते तराफे, पुलाचे खांब, हे आपले मोक्याचे ठिकाण. गोव्यात मांडवी आणि झुआरी कुंभारजुव्याच्या कालव्याने जोडलेल्या आहेत आणि बार्ज दोन्हींकडे फिरतात. तिथे एका नदीत पाळत ठेवून भागणार नाही.

तीन जागा पुरे. एक, बाहेरून बोटी येतात ती. दुसरी, त्याच खाडीत पण आत, जिथे पाणी कमी खारट असतं. तिसरी, तुमच्या गावाला ज्याची काळजी आहे ती: कालवांचा खडक, तिसऱ्या शिंपल्यांचा पट्टा, शिनाण्यांचा तराफा. जास्त जागा घेऊन अर्ध्यावर सोडण्यापेक्षा तीन जागा वर्षानुवर्षं सांभाळलेल्या बऱ्या.

परवानगीचं काम टाळू नका. लहान बंदरांच्या जेट्ट्या बहुतेक महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतात, त्यांच्या स्थानिक बंदर कार्यालयात एक अर्ज द्या. मोठ्या बंदरांत सुरक्षेचे नियम कडक असतात, तिथे महाविद्यालयामार्फतच जा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यातून काहीही काढू नका. प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या आणि काही शंखशिंपले वन्यजीव कायद्याने सगळीकडेच संरक्षित आहेत.

पट्टी लटकवा

या कामाचं मुख्य साधन अगदी साधं आहे: पाण्यात लटकवलेली प्लास्टिकची चौकोनी पट्टी. तिच्यावर कोण येऊन बसतं, ते ठरावीक काळाने पाहायचं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे संशोधक १४ बाय १४ सेंटिमीटरच्या पीव्हीसी पट्ट्या पाण्याखाली एक मीटरवर लटकवतात आणि तीन महिन्यांनी काढतात. आपणही तेच माप धरावं. मग आपली नोंद इतरांच्या नोंदीशी ताडून पाहता येते.

करायचं असं. हार्डवेअरच्या दुकानातून करड्या रंगाची पीव्हीसीची शीट आणून तेवढे चौकोन कापून घ्या. एका बाजूला खरखरीत पॉलिश पेपर नीट घासा, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर पिल्लांना पकड मिळत नाही. मधोमध दोन भोकं पाडा आणि पट्टी एका विटेला प्लास्टिकच्या टायने आवळा, घासलेली बाजू बाहेर. वीट दोराने अशी लटकवा की पट्टी विटेच्या खाली राहील आणि तिचं घासलेलं तोंड तळाकडे असेल. वर तोंड ठेवलंत तर आपल्या खाड्यांतला गाळ आठवड्यात तिच्यावर बसतो आणि खाली सगळं गुदमरतं. पट्टीच्या कडेला खिळ्याने क्रमांक कोरा. मार्करची शाई पुसली जाते.

तरंगत्या तराफ्याला बांधता आलं तर उत्तम, कारण तो पाण्याबरोबर वरखाली होतो आणि पट्टी कायम एक मीटरवर राहते. पक्क्या जेट्टीला बांधायचं असेल तर उधाणाच्या ओहोटीतही पट्टी पाण्याखाली राहील इतका दोर सोडा. मुंबईकडे उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं, त्यामुळे दोर अंदाजापेक्षा बराच जास्त लागतो. दोर खांबाला घासून तुटतो, म्हणून घासण्याच्या जागी जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवा.

प्रत्येक जागी निदान सहा पट्ट्या लावा. त्यातल्या तीन दर महिन्याला बदलायच्या, उरलेल्या तीन दर तीन महिन्यांनी काढायच्या. मायटिलॉप्सिस महिन्याभरात पिल्लं घालण्याच्या वयाला येतो, म्हणून आपल्या उबदार पाण्यात नुसत्या तिमाही पट्टीवर विसंबून चालत नाही. काही पट्ट्या चोरीला जातील, काही जाळ्यात अडकतील. जेट्टीवर रोज असणाऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवलं की हे प्रमाण खूप कमी होतं.

ओहोटीची फेरी

पट्टीबरोबरच महिन्यातून एकदा खांब आणि खडक डोळ्यांनी पाहावेत. त्यासाठी अमावास्या किंवा पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस धरा, तेव्हा पाणी सर्वांत खाली जातं. मुंबईच्या किनाऱ्यावर या तिथींना ओहोटी साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. दक्षिणेकडे ती थोडी आधी लागते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाण्यामागोमाग खाली उतरत जा. पाणी फिरलं की निघा. चिखलाच्या खाडीत एकटं कोणी उतरू नये. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यामुळे जाड तळाचे बूट आणि हातमोजे हवेतच.

दर खांबावर तीन उंचीचे फोटो घ्या: भरतीच्या रेषेजवळ, मध्यभागी आणि अगदी खाली. फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. मोबाइलमध्ये ठिकाण-नोंद चालू असू द्या. दर फेरीत तोच खांब, तीच बाजू. खांबाची सावलीतली बाजू जास्त बोलकी असते, तिकडे जरूर वाका.

पाण्याचं तापमान आणि क्षारता दर वेळी लिहा. क्षारता मोजायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. वापरण्याआधी त्याचा शून्य डिस्टिल्ड वॉटरने तपासून घ्यावा. हा आकडा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. उघड्या समुद्रात क्षारता दर हजार भागांत ३५ च्या आसपास असते, पण जुलैमध्ये खाडीच्या आतल्या भागात ती पाचच्याही खाली जाते. तेव्हा समुद्रातले पुष्कळ चिकटे जीव मरतात आणि खांब मोकळे होतात. मायटिलॉप्सिससारखा जीव जवळजवळ गोड्या पाण्यातही तग धरतो. ऑक्टोबरमध्ये रिकाम्या झालेल्या जागेवर तो सगळ्यात आधी पसरू शकतो. म्हणून वर्षातून दोनच फेऱ्या जमणार असतील तर एक पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात आणि दुसरी मेच्या अखेरीस करा.

पट्टी वाचताना

काढलेली पट्टी समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या ट्रेमध्ये ठेवा. पाण्याबाहेर स्पंज आणि इतर मऊ जीव आकसतात आणि ओळखू येत नाहीत. वरून सरळ फोटो घ्या. मग पारदर्शक प्लास्टिकवर सारख्या अंतरावर ५० ठिपके काढून तो कागद पट्टीवर धरा आणि प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे ते लिहा. २० ठिपक्यांखाली बार्नेकल आले तर ४० टक्के जागा त्यांची. सुरुवातीला जातींची नावं येत नाहीत, हरकत नाही. "बार्नेकल, नळीकिडा, शिंपला प्रकार अ, शिंपला प्रकार ब" असं लिहा, पण कुठल्याही महिन्यात 'प्रकार अ' म्हणजे तोच राहील असा एक फोटो-संच वहीत चिकटवून ठेवा.

शिंपल्यांमध्ये फरक कसा करायचा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण घोळ इथेच होतो. शिनाणा, मायटिलॉप्सिस आणि मायटेला, तिघांचीही टोकदार, थेंबासारखी ठेवण असते आणि तिघेही सुतासारख्या धाग्यांनी चिकटतात. शिनाण्याचा काठ हिरवागार असतो, आतून तो निळसर मोत्यासारखा चमकतो आणि वाढून बोटाएवढा होतो. मायटिलॉप्सिस बहुधा दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. कोवळ्या शिंपल्यांवर नागमोडी पट्टे दिसतात. मेलेला एक शिंपला उघडून टोकाच्या आत भिंगाने पाहा: तिथे एक छोटासा आडवा पडदा, फळीसारखा, दोन भिंतींना जोडलेला दिसला तर मायटिलॉप्सिसचा संशय पक्का होतो. शिनाण्यात तो पडदा नसतो.

तिसरा आहे मायटेला स्ट्रिगाटा, दक्षिण अमेरिकेकडचा. तो काळा किंवा गडद तपकिरी असतो, कधी हिरवट झाकही असते, त्यामुळे शिनाण्याच्या पिल्लांत सहज मिसळतो. पण आतून बहुधा जांभळट दिसतो. केरळच्या बॅकवॉटरमध्ये २०१८ च्या सुमारास तो लक्षात आला आणि बघता बघता वेंबनाड आणि अष्टमुडी इथे पसरला. अष्टमुडीतल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ साली भारतातलं पहिलं शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. अशा नावाजलेल्या पट्ट्यांवर या काळ्या शिंपल्याच्या सतरंज्या पसरल्या. पुढे चेन्नईजवळच्या एन्नोर आणि पुलिकतमध्येही मच्छीमारांनी त्याच्याविरुद्ध आवाज उठवला. कोकणात तिसऱ्यांवर घर चालवणाऱ्या कुटुंबांनी यापासून सावध व्हायलाच हवं.

भिंगाखाली पाहूनही खात्री वाटली नाही तर खात्री आहे असं लिहू नका. "संशयित" लिहा आणि नमुना पुढे पाठवा.

संशयित सापडला तर

पहिली गोष्ट, ओरबाडून काढू नका. धक्का बसलेले शिंपले पाण्यात अंडी आणि शुक्राणू सोडतात, म्हणजे साफसफाईच्या नादात तुम्हीच पेरणी कराल. जवळून आणि लांबून फोटो घ्या, जागेची नोंद घ्या, किती भाग व्यापला आहे ते पावलांनी मोजा. परवानगी असेल तर चार-पाच नमुने काढून काचेच्या छोट्या बाटलीत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, म्हणजे पुढे डीएनए तपासता येतो. बाटलीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका: ठिकाण, तारीख, खोली, क्षारता, काढणाऱ्याचं नाव. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. जिवंत नमुना कधीही दुसऱ्या खाडीच्या गावी नेऊ नका, प्रयोगशाळा तिथे असली तरी.

मग त्याच दिवशी कळवा. गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या विषयात अनेक वर्षं काम करते. २००० ते २००४ दरम्यान समतोल-पाण्याच्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी जगातली सहा बंदरं निवडली होती. त्यात मुंबई होतं, आणि इथल्या जीवांची पायाभूत पाहणी याच संस्थेने केली. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, वनविभागाचा कांदळवन कक्ष आहे. मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय प्रत्येक किनारी जिल्ह्यात आहे. या सगळ्यांना एकच मजकूर, तेच फोटो पाठवा आणि पोच जपून ठेवा. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीतही नोंद करून घ्या. ही नोंदवही पुष्कळ गावांत एकदा लिहून कपाटात गेलेली असते. अशा नोंदींनी ती जिवंत राहते, असं मला मनापासून वाटतं.

उत्तर यायची वाट पाहत असताना आजूबाजूचं क्षेत्र तपासा. आधी त्याच जेट्टीचे बाकीचे खांब, मग समोरचा काठ, मग वर आणि खाली एकेक जेट्टी. कुठे सापडला यापेक्षा कुठे *नाही* सापडला, ही माहिती अधिकाऱ्यांना जास्त कामाची असते.

आवर घालणं: काय जमतं

एखादा जीव अजून चार खांबांवरच असेल तर परवानगीने आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही करता येतं. न्यूझीलंडमध्ये धक्क्याच्या खांबांना प्लास्टिक गुंडाळून आतलं पाणी कोंडलं गेलं, म्हणजे प्राणवायू संपून आतले जीव मरतात. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या एका खाजणात जून २००० मध्ये कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शेवाळ सापडलं. १७ दिवसांत काम सुरू झालं, ताडपत्र्यांखाली झाकून क्लोरीन सोडला गेला, आणि २००६ साली ते नाहीसं झाल्याचं जाहीर झालं. खर्च ७० लाख डॉलरच्या घरात. हेच शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर जेमतेम एक चौरस मीटर होतं. तिथे कोणी हात लावला नाही आणि भूमध्य समुद्रात ते हजारो हेक्टरवर पसरलं.

शेवाळाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ कॅप्पाफायकस हे लागवडीचं शेवाळ शेतीबाहेर निसटून जिवंत प्रवाळांवर चढल्याचं २००८ मध्ये उघड झालं. ते हाताने काढता येतं, पण तुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हा वाढू शकतो. म्हणून काढताना खाली बारीक जाळीची पिशवी धरायची, तुकडा वाहू द्यायचा नाही, आणि सगळं किनाऱ्यावर, भरतीरेषेच्या वर वाळवायचं. कोकणात शेवाळ-शेती करू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी.

जो जीव आधीच खाडीभर पसरला आहे तो जाणार नाही, हे मान्य करावं लागतं. मग आपलं कालवांचं रॅक, तराफा, पिंजऱ्याची जाळी तेवढी वाचवायची. पंधरा दिवसांनी हाताने साफ करायची, निघालेलं सगळं पाटीत भरून काठावर आणायचं, खड्ड्यात पुरायचं. "खाऊन संपवू" हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. बंदरातले शिंपले जड धातू साठवतात, ते खाऊ नयेत. शिवाय एकदा बाजारात भाव आला की कोणीतरी तो शेजारच्या खाडीत नेऊन पेरतोच.

बोटी आणि बीज

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम इथे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी काठावर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत गावातल्या प्रत्येक बोटीचा तळ कोरड्या जमिनीवर, हाताच्या अंतरावर बघायला मिळतो. सुकाणाच्या खाचा, पंख्याचा दांडा, इंजिनला थंड करणारं पाणी आत घेणारी जाळी, खालच्या लाकडी पट्टीच्या फटी: लपणारे जीव इथे असतात. बाहेरच्या राज्यातून विकत आणलेली जुनी बोट असेल तर ती पाण्यात उतरण्याआधीच तपासा.

दोन महिने काठावर असल्याने सगळं वाळून मरतं, हा समज मात्र धोक्याचा. पावसाळ्यात तळाखाली ओलच राहते, आणि कमी क्षारतेला पुरून उरणाऱ्या शिंपल्याला पावसाचं पाणी मानवतं. खरवडायलाच हवं, आणि खरवडलेलं ओहोळात किंवा खाडीत लोटायचं नाही. खाली ताडपत्री अंथरा, सगळं गोळा करून भरतीरेषेच्या वर खोल पुरा. मग रंग. पाण्यात असलेल्या बोटीचा तळ तिथल्या तिथे खरवडणं शक्यतो टाळाच. दोर, नांगर आणि जाळीही दुसऱ्या बंदरातून आणली असेल तर उन्हात पूर्ण वाळवूनच वापरा.

शिनाण्यांचं किंवा कालवांचं बीज शक्यतो आपल्याच खाडीतलं घ्या. बाहेरून आणावंच लागलं तर प्रत्येक घोस सोडवून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा आणि काळे, वेगळे दिसणारे शिंपले हाताने निवडून काढा. दिवसभराचं काम आहे, पण केरळ-कर्नाटकातून बीज आणणाऱ्या गटांनी ते टाळू नये. पोत्यातलं पाणी खाडीत ओतू नका.

जहाजांच्या समतोल-पाण्याचं काम आपल्या हाताबाहेरचं, पण माहीत असावं. त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ ला लागू झाला. त्यानुसार सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रॉनहून मोठे जिवंत जीव दर घनमीटरला दहाच्या आतच असावेत. त्यासाठी जहाजांवर पाणी गाळून निर्जंतुक करायची यंत्रणा बसवावी लागते. जहाजाच्या तळाला चिकटून येणारे जीव मात्र या करारात येत नाहीत, म्हणून बंदरालगतच्या पट्ट्यांवर नजर ठेवण्याची गरज संपलेली नाही. देशात २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात ६२-अ हे कलम आलं आहे. आक्रमक परक्या जातींची आयात, बाळगणं आणि प्रसार यांवर बंधनं घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्यातून मिळाला. मत्स्यालयातले मासे, शेवाळ, गोगलगायी खाडीत सोडू नका, हे शाळांमध्ये सांगताना या कलमाचा उल्लेख जरूर करा.

वही कशी ठेवाल

एका फेरीला एक पान. तारीख, तिथी, वेळ, ओहोटीची वेळ, क्षारता, तापमान, कोण होतं, काय दिसलं, फोटोंचे क्रमांक. नवं काही दिसलं नाही तर "नवं काही नाही" असं स्पष्ट लिहा, पान कोरं सोडू नका. डार्विनमध्ये सहा महिने आधीच्या अशाच नोंदीच्या भरवशावर तीन मरीनांची दारं बंद करायचा निर्णय घेता आला. वहीचे फोटो काढून दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. चांगले फोटो आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले की ओळखायला जाणकार मंडळी मदत करतात. मुंबईच्या किनाऱ्यांवर हौशी निरीक्षक २०१७ पासून असं काम करत आले आहेत आणि त्यांच्या फेऱ्यांत नवख्यांचं स्वागत होतं.

पहिल्या पट्ट्या सप्टेंबरच्या अखेरीस, खाडीचं पाणी पुन्हा खारट व्हायला लागलं की बांधा. त्याआधी ऑगस्टमध्ये परवानगीचे अर्ज देऊन ठेवा, शीट कापून घासून घ्या. आणि जूनमध्ये बोटी वर ओढल्या जातील तेव्हा कोणाकोणाच्या बोटीचा तळ पाहता येईल, ते सोसायटीच्या सेक्रेटरींना आत्ताच विचारून ठेवा.